समुद्रावरचा गोल हॉल

मास्तर,

तुमच्या गावचा गोल हॉल पाडला. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते काम माझंच आहे, कारण तो पाडावा असं ज्या अहवालात लिहिलंय त्याच्या शेवटच्या पानावर सही माझी आहे. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा फारसं बोलले नाही मी, आणि आता बोलायला बसले तर बातमी ही अशी.

तुम्हाला मास्तर का म्हणते, ते तुमच्या दुकानात येणाऱ्या कुणालाच कळायचं नाही. मी पुण्याहून नवऱ्याच्या मागोमाग द हेगला आले तेव्हा सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी सुटकेसमध्ये दोन स्वेटरच्या मधे नीट सपाट ठेवून आणली होती. नवरा सकाळी ट्रामने ऑफिसला जायचा आणि मी खिडकीतून समोरच्या घरांच्या विटा मोजत बसायचे. नोकरीचे अर्ज केले की सभ्य भाषेत एकच उत्तर यायचं, आधी डच शिका. एका मार्चमध्ये उगाचच ट्राम संपते तिथपर्यंत गेले, समुद्रापर्यंत. तुमच्या आइस्क्रीमच्या दुकानाच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद होता, मदतनीस हवी. आत तुम्ही टेबलावर चढून दिव्यांची धूळ पुसत होता आणि तुमच्या पत्नी, ज्यांना मी पुढे सिन्योरा म्हणायला लागले, खालून तुम्हाला रागावत होत्या. तुम्ही मला विचारलंत, उभं राहता येईल का दहा तास. मी म्हटलं, येईल. एवढीच मुलाखत.

पण हाक काय मारायची, हा प्रश्न होता. या देशात मालकाला नावाने हाक मारतात, पोरंसोरंसुद्धा. पासष्टी उलटलेल्या माणसाला नुसतं नाव घेऊन बोलवायला माझी जीभ उचलेना. पहिल्या दिवशी मी तुम्हाला काका म्हटलं. तुम्ही हातातला चमचा ठेवलात आणि माझ्याकडे बघत राहिलात. सिन्योरा मागच्या खोलीतून हसत हसत बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. तुमच्या इटालियनमध्ये लहान मुलं शी झाली की तो शब्द वापरतात, हे त्यांनी मला खुणांनी समजावलं. दुसऱ्या दिवशी मी मामा म्हणून पाहिलं, तर तुम्ही म्हणालात, “मी तुझी आई?” तिसऱ्या दिवशी मी वैतागून मास्तर म्हटलं. तुम्ही जरा ताठ झालात. तुमच्याकडे वाद्यवृंदाच्या प्रमुखाला आणि मोठ्या कारागिराला म्हणतात त्याच्या जवळपास जाणारा शब्द होता तो. “हे चालेल,” तुम्ही म्हणालात, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा मशीनला हात लावू दिलात.

आपण दोघं डचमध्ये बोलायचो. माझं डच तीन महिन्यांचं आणि तुमचं सत्तेचाळीस वर्षांचं, पण दोघांच्या चुका सारख्याच, त्यामुळे आपलं छान जमायचं. आणि तुम्ही बोलायचात ते गावाबद्दल. दूध तापत असताना, हेझलनट भाजत असताना, पाऊस येऊन किनारा रिकामा झाला की दारात उभं राहून. तुमचं गाव म्हणजे तीन जागा होत्या. दोन घुमटांचं पांढरं हॉटेल, जिथे लढाईत जखमी सैनिक ठेवले होते आणि नंतर उत्तरेकडचे कारखानदार मोटारी घेऊन उतरायचे. पाइनच्या झाडांमधला उघड्यावरचा सिनेमा, जिथे पडद्यावर नायिका रडायला लागली की मागून समुद्राचा आवाज यायचा. आणि गोल हॉल. समुद्रात खांबांवर उभा, किनाऱ्यापासून लाकडी पुलाने जोडलेला, नाचाचा. “लाकडी फरशी,” तुम्ही हात पसरून सांगायचात, “आणि मधोमध निळा तारा. इतका मोठा. वादक समुद्राकडे पाठ करून बसायचे. लोक नाचताना वादकांकडे बघायचे आणि त्यांच्या मागे सगळा समुद्र.” ते सांगताना तुमचा तळहात हवेत त्या ताऱ्याचं एकेक टोक काढायचा. मला तो हॉल माझ्या शाळेपेक्षा नीट आठवतो.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला पहिला सगळा हंगाम जावा लागला. एकोणिसाव्या वर्षी तुम्ही चुलत्याच्या दुकानात कामाला म्हणून हॉलंडला आलात आणि तेव्हापासूनचा प्रत्येक उन्हाळा इथे काढलात, कारण आइस्क्रीम उन्हाळ्यातच खपतं. ऑक्टोबर संपताना तुम्ही काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवायचात, दोघं गाडीत बसून गावी जायचात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात परत यायचात. म्हणजे उन्हाळ्यातलं आपलं गाव तुम्ही एकोणिसाव्या वर्षानंतर पाहिलंच नव्हतं. उन्हाळ्यावर जगणाऱ्या गावचा माणूस, आणि दर वर्षी पाहायचात ते दारं लावलेलं गाव. परत आल्यावर तुम्ही मला बातम्या द्यायचात. हॉटेलच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात, हिवाळाच तो, मे महिन्यात उघडतील. सिनेमाच्या खुर्च्या दिसल्या नाहीत, रंगवायला नेल्या असतील. हॉलच्या दाराला साखळी होती, अर्थात, जानेवारीत कोण नाचणार? सिन्योरा तेव्हा काउंटर पुसत असायच्या, आणि तुम्ही खुर्च्यांबद्दल बोललात की त्या तोच कोपरा पुन्हा पुसायच्या. हॉटेल विकलं गेलं होतं हे त्यांना ठाऊक होतं. सिनेमाच्या जागी गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या हेही. मला वाटतं, तुम्हालाही ठाऊक असावं. खात्री नाही. हिवाळ्यात बंद पडलेली जागा आणि हिवाळ्यापुरती बंद असलेली जागा बाहेरून सारखीच दिसते.

तुम्ही मला एकदाच रागावलात. जूनमधला रविवार, समुद्रावर माणसांना पाय ठेवायला जागा नाही, आणि दुपारी वीज गेली. तासाभराने आली तोवर लिंबाचं आइस्क्रीम पार वितळलं होतं. बाहेर रांग होती. मी ते तसंच पुन्हा थंड करायला ठेवलं आणि संध्याकाळी विकायला काढलं. तुम्ही एक चमचा चाखलात. सगळं भांडं मोरीत ओतलंत, गरम पाण्याचा नळ सोडलात आणि लिंबाची पाटी उतरवून माझ्या हातात दिलीत. “दिसायला तेच दिसतं,” तुम्ही म्हणालात, “आत खडे झालेत. जिभेला कळतं. त्या पोरांना वाटेल लिंबू असंच लागतं, आणि आयुष्यभर तसंच वाटत राहील.” रांगेतली माणसं बघत होती. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, सोडते मी हे काम, एवढी शिकून कशाला ऐकून घेऊ. दुसऱ्या दिवशी आले तर तुम्ही माझ्यासाठी उंच स्टूल आणून ठेवलं होतं.

आणि ब्रेडाचा दिवस. तिसऱ्या हंगामात माझं डच बरं झालं होतं, कारण आठवड्यातल्या दोन दुपारी तुम्ही मला खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वर्गाला पिटाळायचात. ब्रेडा शहरातल्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं. समुद्रातल्या बांधकामांची तपासणी करणारी कंपनी, धक्के, बंधारे, पाण्यातले खांब. सकाळी स्टेशनवर गेले तर फलकावर सगळ्या गाड्या रद्द. मी तुम्हाला फोन केला तो फक्त रडायला. त्या दिवशी हंगामातलं पहिलं खरं ऊन पडलं होतं, अशा एका दिवसावर तुमचे चार पावसाळी दिवस तरून जायचे. तुम्ही दुकान बंद केलंत. सिन्योरांनी दारावर कागद लावला, आणि तुम्ही ती गुलाबी गाडी घेऊन आलात, जिच्या टपावर माणसाएवढा प्लॅस्टिकचा कोन होता. महामार्गावर मुलं मागच्या काचेतून आपल्याला हात करत होती. मी साडी नेसले नव्हते हे नशीब, म्हटलं. तुम्ही विचारलंत, साडी म्हणजे काय, आणि मी ब्रेडा येईपर्यंत ते समजावत होते, त्यामुळे घाबरायला वेळच उरला नाही. कंपनीच्या आवारात चकचकीत गाड्यांमध्ये तुम्ही दोन तास बसून होता. दुपारच्या सुट्टीत लोक आइस्क्रीम मागायला आले तेव्हा तुम्ही त्यांना म्हणालात, “आज बंद आहे, आज मुलाखत आहे.” मी बाहेर येऊन सांगितलं की घेतलं मला. तुम्ही गाडी सुरू केलीत. बऱ्याच वेळाने, मोर्डाइकचा पूल ओलांडताना म्हणालात, “सप्टेंबरपर्यंत मात्र मला लागशील तू.”

आता ते सांगते, ज्यासाठी बसले.

तुमच्या शेवटच्या फेब्रुवारीत तुम्ही इथल्या हॉस्पिटलात होता. त्या वर्षी गावाहून लवकर परत आणलं होतं तुम्हाला. मी ऑफिसातून थेट यायचे. एका संध्याकाळी सिन्योरा कॉफी आणायला खाली गेल्या होत्या आणि तुम्ही माझी बाही धरलीत. आवाज बारीक झाला होता तुमचा.

“तू आता खांबांची डॉक्टर आहेस ना?”

“हो, मास्तर.”

“हॉलचे पाय बघ एकदा. दोन हिवाळे मी बघतोय. लाल डाग आलेत पाण्याच्या वर, वीतभर. त्या गावातल्या लोकांना कळत नाही. तू सांग त्यांना.”

मी म्हटलं, बघते. तुम्ही म्हणालात, “बघते म्हणजे कधी?” मी म्हटलं, उन्हाळ्यात. तुम्ही बाही सोडलीत. मग तुम्ही ताऱ्याबद्दल काहीतरी बोललात, मला नीट ऐकू आलं नाही, आणि सिन्योरा कॉफी घेऊन आल्या. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

मी विसरले. दुसरा शब्द नाही त्याला. त्या उन्हाळ्यात मला दिवस गेले होते, मग लेक झाली, मग घर बदललं, मग पुण्यात आईचं आजारपण. कधीतरी तुमच्या गावाचं नाव कानावर पडायचं आणि मला पांढरं हॉटेल आठवायचं, सिनेमा आठवायचा, निळा तारा आठवायचा. लाल डाग आठवले नाहीत. मरणाऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी ते कुठेतरी ठेवून दिलं होतं, जिथे आपण औषधांच्या चिठ्ठ्या ठेवतो तिथे. एक पत्र लिहायला अर्धा तास लागला असता. ऐकलं असतं का कुणी माझं? बहुतेक नसतं. परदेशातली एक ज्युनिअर इंजिनिअर, भारतीय नावाची, एका मेलेल्या आइस्क्रीमवाल्याच्या सांगण्यावरून पत्र लिहिते. हसले असते. पण मी ते त्यांना हसायलाही पाठवलं नाही.

दीड वर्षापूर्वी ऑफिसात साहेबांनी एक काम माझ्या टेबलावर ठेवलं. इटलीतल्या समुद्रकाठच्या एका गावात पाण्यातली जुनी इमारत, नाचाचा हॉल म्हणून बांधलेली, पुढे डिस्को, मग लग्नाचं कार्यालय, आता कित्येक वर्षं बंद. गावात दोन तट पडलेत, एकाला ती वाचवायचीय आणि दुसऱ्याला धोका म्हणून काढायचीय, आणि कुणाचाच स्थानिक इंजिनिअरवर विश्वास नाही. त्यांना बाहेरचं मत हवंय, कुणाशी देणंघेणं नसलेलं. मी गावाचं नाव वाचलं. साहेबांनी विचारलं, “ओळखतेस का ही जागा?” मी म्हटलं, ऐकलंय. तिथेच मला सांगता आलं असतं की हे काम दुसऱ्या कुणाला द्या. नाही सांगितलं. मला वाटलं, मी गेले तर वाचवेन. खरंच तसं वाटलं होतं मला.

मी फेब्रुवारीत गेले. तुमच्यासारखीच, हिवाळ्यात. किनाऱ्यावर बुलडोझरने वाळूची लांबच लांब भिंत रचली होती, लाटा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून. हॉटेलांना फळ्या लावलेल्या, एक मांजर आणि मी. दोन घुमटांचं तुमचं हॉटेल उभं आहे, आत फ्लॅट केलेत, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे नाहीत त्या अर्थी राहत कुणी नसावं. पाइनची झाडं अजून आहेत, त्यांच्या मधे गाड्यांसाठी पांढरे पट्टे. आणि हॉल. मास्तर, तो खरंच सुंदर होता. तुम्ही उगाच वाढवून सांगत नव्हता.

मी चार दिवस होडीतून त्याच्या खाली फिरले. छत्तीस खांब. हातोड्याने एकेक वाजवायचा, निरोगी काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं भदभद वाजतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी खणखणीत आवाजाची वाट पाहत होते. होडी चालवणारा माणूससुद्धा तिसऱ्या दिवशी माझ्याकडे बघायचा बंद झाला. सळया कागदासारख्या सुटत होत्या, बोट लावलं की पापुद्रा हातात. मी ब्रेडाला परत येऊन तीन आठवडे वाटा शोधल्या. खांब एकेक करून बदलता येतील का, हॉल वर उचलून धरता येईल का, निम्मे तरी ठेवता येतील का. एक तरुण सहकारी म्हणाला, “नवीन बांधा ना अगदी तसाच, कुणाला फरक कळणार आहे.” मी त्याच्यावर जरा जास्तच चिडले. बिचाऱ्याला समजलं नाही का ते. शेवटी लिहायचं ते लिहिलं. खालचे पाय उभे राहणार नाहीत, आणि ते बदलताना वरचं उभं राहणार नाही. आकडे तेवढंच सांगत होते, कितीही वेळा मांडले तरी.

मग मी एक गोष्ट केली जी कुणी सांगितली नव्हती. काँक्रीटमध्ये मीठ किती आत शिरलंय आणि गंज किती खोल गेलाय हे कळलं की उलटा हिशेब करता येतो, कुठल्या वर्षी काय अवस्था असेल याचा. मी चौदा वर्षं मागे गेले. तुमचे लाल डाग. तेव्हा गंज सळयांच्या वरवर होता. वरचा थर काढायचा, सळया साफ करायच्या, नवा थर द्यायचा, दर काही वर्षांनी लक्ष ठेवायचं, एवढ्यावर भागलं असतं. एखादा हिवाळा पुरला असता. तुम्ही नुसत्या डोळ्यांनी, किनाऱ्यावर उभं राहून, बरोबर वेळेवर पाहिलं होतं. त्या हिशेबाचा कागद अहवालात गेला नाही. कुणी मागितला नव्हता.

गावसभेला मला बोलावलं होतं. शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. नगरपालिकेची एक तरुण इंजिनिअर माझ्या इंग्रजीचं भाषांतर करत होती. एक बाई उठून म्हणाली, माझं लग्न त्या हॉलमध्ये झालंय, माझ्या आईचंही. एक तरुण उठला आणि म्हणाला, उद्या त्याखाली पोहणाऱ्या पोरावर तुकडा पडला की तुमचं लग्न कोण आठवणार. दोघंही खरं बोलत होते. मग मागून एक म्हातारा उठला. तुमच्याच वयाचा असावा, म्हणजे तुम्ही असता तर ज्या वयाचे असता त्या. त्याने सरळ मलाच विचारलं, आणि ती मुलगी भाषांतर करेपर्यंत माझ्या डोळ्यांवरून नजर काढली नाही.

“बाई, तुम्ही कधी उन्हाळ्यात आलात का आमच्या गावात?”

मी म्हटलं, “नाही.”

तो मान हलवून खाली बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. मला त्याला सांगायचं होतं की पाइनच्या झाडांमधल्या सिनेमात नायिका रडायला लागली की मागून समुद्राचा आवाज यायचा, हे मला माहीत आहे. पण मी त्रयस्थ म्हणून तिथे होते.

पाडायला नऊ दिवस लागले. तराफ्यावरची क्रेन एकेक घास घेत गेली. त्या मुलीने मला व्हिडिओ पाठवला, तो मी ब्रेडाच्या गाडीत आवाज बंद करून पाहिला. घरी पुन्हा पाहत होते तेव्हा लेक मागे येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. “आई, इट्स जस्ट अ बिल्डिंग,” म्हणाली, आणि मग माझा चेहरा पाहून माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

सिन्योरांना सांगायला मी परवा गेले. सत्त्याऐंशीच्या झाल्या त्या. द हेगमध्येच, वृद्धांसाठीच्या घरांत, तळमजल्यावर राहतात, केस अजून दर शुक्रवारी सेट करून घेतात. मी तासभर इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी त्याच म्हणाल्या, “पाडला ना? भाचीचा फोन आला होता. आणि तुझं नाव कागदावर होतं म्हणाली.” त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, “सिन्योरा, आत तारा नव्हता. फरशी काळ्या-पांढऱ्या चौकटींची होती. किल्ल्या सांभाळणारा म्हणाला, पहिल्यापासून तीच आहे, त्याच्या वडिलांनी बसवलेली. आणि वादकांचा ओटा किनाऱ्याच्या बाजूला होता. मास्तरांना एवढं चुकीचं कसं आठवत होतं?”

त्या म्हणाल्या, “त्याला आठवेल कसं? तो आत कधी गेलाच नाही.”

तुमच्याकडे कोट नव्हता, मास्तर. कोटाशिवाय आत घेत नसत. तुमचे वडील पुलाच्या तोंडाशी हातगाडीवर आइस्क्रीम विकायचे आणि तुम्ही खालच्या खडकांवर बसून बँड ऐकायचात. सिन्योरा मात्र जायच्या आत, थोरल्या भावाबरोबर. सतरा वर्षांच्या होत्या त्या. एकदा बाहेर येऊन त्यांनी आइस्क्रीम घेतलं आणि तुम्ही विचारलंत, आत कसं आहे. “मला थट्टा करायची होती,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, लाकडी फरशी आहे, मधोमध निळा तारा आहे, एवढा मोठा, वादकांच्या मागे समुद्र दिसतो. वाटलं, कधीतरी जाईल आणि बघेल, मग आम्ही हसू. पण दोन वर्षांत तो इकडे आला. मग लग्न झालं. मग दर हिवाळ्यात साखळी. आणि तो सगळ्यांना तारा सांगत सुटला होता. गिऱ्हाइकांना. तुला. मी कधी तोंड उघडू?” मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, “तू तरी सांगितलं असतंस का?”

मला त्याच क्षणी त्यांना हॉस्पिटलातली ती संध्याकाळ सांगायला हवी होती. त्या कॉफी आणायला गेल्या होत्या तेव्हाची. त्या सांगून मोकळ्या झाल्या, मी नाही. मी म्हटलं, नाही, मीही सांगितलं नसतं, आणि बिस्किट घेतलं. निघताना त्यांनी डबा भरून दिला लेकीसाठी. ट्राममध्ये तो मांडीवर घेऊन बसले होते आणि माझा स्टॉप मागे पडला तरी उठले नाही. समुद्रापर्यंत गेले. तुमच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. वारा होता, थोडा वेळ उभी राहिले, आणि आली तीच ट्राम पकडून परत आले.

हे पत्र मी कालपासून लिहितेय. सुरुवात डचमध्ये केली होती, तुमच्या-माझ्या मोडक्या डचमध्ये, आणि चार ओळींनंतर लाल डागांपाशी थांबले. तो कागद फाडून मराठीत लिहायला घेतलं तर सगळं एका बैठकीत आलं. तुम्हाला मराठीचं एक अक्षरही वाचता येत नाही, मास्तर. म्हणून जमलं.